हावभावानेही तक्रार करणार नाही

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. पत्र लिहिताना हा क्रम मी आयुष्यभर पाळला आहे, तो दिवाळी अंकासाठी मोडण्याचे कारण दिसत नाही.

गुढीपाडवा: आमची स्वतःची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी, असे बिल्डरने कळवले. जबाबदार: बिल्डर, आणि ठरावावर सही करणारे आम्ही सर्व सभासद.

अक्षय्य तृतीया: पाथर्डी फाट्याजवळच्या दुसऱ्या मजल्यावरील भाड्याच्या घराच्या करारावर मी अंगठा दिला. जबाबदार: घरमालक श्री. बागूल, दलाल किरण, आणि अंगठा माझा होता म्हणून मी.

वटपौर्णिमा: खालच्या गॅलरीतून आलेल्या विडीच्या धुराने माझ्या पत्नीस, सौ. मालतीस, सकाळी श्वास घेता येईना. दवाखान्यात न्यावे लागले. जबाबदार: खालचे रहिवासी श्री. नामदेवराव.

नागपंचमी: सोसायटीच्या अध्यक्षांचे उत्तर आले. त्यात उत्तर नव्हते. जबाबदार: अध्यक्ष.

अनंत चतुर्दशी: घर एका महिन्यात रिकामे करण्याची सूचना मिळाली. जबाबदार: येथे मी एक नाव लिहिले होते, ते खोडले, दुसरे लिहिले, तेही खोडले. ही जागा तूर्त रिकामी ठेवतो.

संपादकांनी मला 'तुमच्या कामाचे अनुभव लिहा' असे सांगितले होते, घराचे गाऱ्हाणे नव्हे. परंतु या दोन गोष्टी आता मला वेगळ्या करता येत नाहीत.

माझे काम दस्तलेखकाचे. नाशिकमधल्या एका नोंदणी कार्यालयासमोर, पत्र्याच्या शेडखाली, माझे टेबल होते. आधी टंकयंत्र, मग संगणक. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, सगळे लिहिले. पण सर्वांत जास्त लिहिले ते भाड्याच्या घरांचे करार. बाहेरच्या माणसाला वाटते, हा करार कायद्याच्या पुस्तकातून उतरवतात. तसे नाही. कायदा फार थोडे सांगतो. घर कोणाचे, किती काळासाठी, अनामत किती, एवढे झाले की बाकीची सगळी कलमे भांडणांतून जन्माला येतात. एखाद्या मालकाच्या भाडेकरूने गच्चीवर कबुतरे पाळली, की पुढच्या करारात पक्ष्यांचे कलम येते. ते कलम ज्याला आवडले तो आपल्या करारात घेतो. त्याच्याकडून तिसरा घेतो. पाच वर्षांनी सगळे शहर कबुतरे न पाळण्याचे वचन देत असते आणि मूळ कबुतरे कोणाला ठाऊक नसतात.

माझा मसुदा या बाबतीत भाग्यवान ठरला. शेजारच्या टेबलांनी तो उतरवून घेतला, नंतर झेरॉक्सवाल्यांनी, नंतर घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटांनी. मला याचा राग नव्हता. खरे सांगायचे तर अभिमान होता. त्यातील दोन कलमांची हकीकत येथे नोंदवतो.

एक निवृत्त बँक अधिकारी एकदा पडद्याचा तुकडा घेऊन टेबलावर आले. तो त्यांनी माझ्या नाकाजवळ धरला.

"हुंगा," म्हणाले.

"सिगारेट."

"तीन धुण्यांनंतरची! भिंती पिवळ्या, कपाटात वास, आणि हा गृहस्थ सोडून जाताना म्हणतो, काका, रंग तसाही काढायचाच होता ना. असे कलम घाला की पुन्हा कोणी माझ्या घरात काडी ओढणार नाही."

मी अकरावे कलम लिहिले: भाडेकरू सदर मिळकतीच्या चार भिंतींच्या आत धूम्रपान करणार नाही, करावयाचे झाल्यास बाहेर, मोकळ्या हवेत करील. ते गृहस्थ खूश झाले. मीही झालो. 'मोकळ्या हवेत' हे शब्द मला विशेष आवडले होते. त्या मोकळ्या हवेला लागून कोणाची खिडकी असते, हा विचार त्या दिवशी टेबलाच्या कोणत्याही बाजूला झाला नाही.

दुसरी हकीकत सांगायला तेवढी सोपी नाही. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षव्यापारी, नाशकात त्यांचा फ्लॅट, त्यात शेवाळे नावाच्या शिक्षिका भाड्याने राहत. इमारतीच्या तळाशी हॉटेल होते आणि त्याच्या भट्टीचा धूर जिन्यातून वर यायचा. बाईंनी महापालिकेला लिहिले, सोसायटीला लिहिले, हॉटेलवाल्याला लिहिले. हॉटेलवाला होता सोसायटीच्या अध्यक्षांचा मेहुणा. कराराचे नूतनीकरण आले तेव्हा व्यापारी बाईंना घेऊनच टेबलावर आले आणि त्यांच्यादेखत म्हणाले, "साहेब, मला भाडेकरू पाहिजे, वार्ताहर नको. आता तर त्या पत्रंही लिहीत नाहीत, नाकाला पदर लावून जिन्यात उभ्या राहतात. येणारंजाणारं बघतं. तेही बंद झालं पाहिजे."

मी टंकयंत्रावर बोटे ठेवून क्षणभर विचार केला आणि चौदावे कलम एका दमात लिहिले: भाडेकरू इमारतीतील अन्य रहिवाशांविरुद्ध अथवा व्यावसायिकांविरुद्ध कोणत्याही कार्यालयाकडे अथवा व्यक्तीकडे कोणतीही तक्रार, मग ती तोंडी असो, लेखी असो अथवा हावभावाने असो, करणार नाही, केल्यास एक महिन्याच्या सूचनेने घर रिकामे करील.

शेवाळे बाईंनी ते वाचले. मुलांच्या वह्या तपासाव्यात तसे, ओळीखाली बोट धरून. मग मला विचारले, "यात माझ्या बाजूनं एखादी ओळ घालता येईल का?"

मी म्हणालो, "बाई, मी फक्त लिहितो. बाजू तुमची तुम्ही बघायची."

त्यांनी सही केली. पुढे त्या कोठे गेल्या, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. कलम मात्र लोकप्रिय झाले. 'हावभावाने' हा शब्द तर टेबलाटेबलांवर वाखाणला गेला.

आता पाडव्यानंतरचे. मालती कळवणची, लहानपण चुलीच्या घरातले. पुढे तिने पाळणाघर चालवले, पंचवीसेक वर्षे. फुप्फुसे आधीच थकलेली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते की औषधापेक्षा धूर टाळणे महत्त्वाचे, आणि पुढचा मोठा झटका घरी आवरता येणार नाही. म्हणून आम्हाला घर हवे होते ते उंचीचे नव्हे, ऐटीचे नव्हे; बिनधुराचे.

दलाल किरण हा मुलगा भला, पण ही अट ऐकून तो गोंधळला. "काका, लोक व्हेज-नॉनव्हेज विचारतात, बॅचलर-फॅमिली विचारतात, पूर्वाभिमुख विचारतात. हे नवीनच काढलं तुम्ही. तुम्ही ओढता का?"

"नाही."

"काकू?"

"अरे, नाही!"

"मग प्रॉब्लेम काय? तुम्ही नाही ओढलं की झालं ना स्मोक-फ्री."

पुढचे चार रविवार मी हा प्रश्न समजावून सांगत नाशिकभर फिरलो. प्रत्येक मालक मला विचारी, तुम्ही ओढता का. मी त्याला विचारी, तुमच्या खालचे ओढतात का, शेजारचे ओढतात का, जिन्यात कोणी उभे राहते का. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी बांधलेला. दुसऱ्याला उत्तर द्यायला कोणीच बांधलेले नाही. इंदिरानगरात एक मालक चक्क रागावले. म्हणाले, "भाड्यानं राहायचंय की कमिटीत यायचंय?" म्हसरूळला घर उत्तम होते, पण मालक स्वतः समोरच राहत आणि सकाळ-संध्याकाळ गुग्गुळाचा धूप सगळ्या मजल्यावर फिरवत. तो धूर आहे हे त्यांना मान्य नव्हते. मी जिन्यांत थांबून वास घेई, कुंड्यांतली थोटके मोजी, आणि मालती खालच्या पायरीवर बसून दम घेत म्हणे, "अहो, घर बघताय की पंचनामा करताय?"

पाथर्डी फाट्याचे घर आम्ही पाहिले ते दुपारी. हवा स्वच्छ होती. खालची गॅलरी रिकामी होती. दुपारी विडी ओढणारी माणसे झोपलेली असतात, हे मला तेव्हा सुचले नाही.

अक्षय्य तृतीयेला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला. घरमालक बागूल कळवणहून आले होते. मालतीच्या माहेरचे गाव निघाले म्हणून चहा झाला, ओळखी निघाल्या. एजंटने करार माझ्यासमोर सरकवला. "काका, वाचून घ्या."

मी पहिली ओळ पाहिली. माझी होती. दुसरा परिच्छेद, माझा. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आपलाच मसुदा आपल्या दारी आलेला पाहून जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. मी म्हणालो, "वाचायची गरज नाही," आणि अंगठा टेकवला. चौतीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की वाचल्याशिवाय सही करू नका. दुसऱ्या कोणाचा करार असता तर मी दोनदा वाचला असता.

पुढचे महिने मी कसे घालवले याची फाइल आहे. सोसायटीला लिहिले, उत्तर आले की गॅलरी ही रहिवाशाची खासगी जागा असल्याने संस्थेस हस्तक्षेप करता येत नाही, आपण खिडकी लावून घ्यावी. आरोग्य विभागाला लिहिले. उत्तर आले की कायदा सार्वजनिक ठिकाणांपुरता आहे, संस्थेशी संपर्क साधावा. पोलीस ठाण्यातील अंमलदार सभ्यपणे म्हणाले, "आजोबा, मारामारी झाली का? मग आम्ही काय लिहायचं?" सहकार खात्याला लिहिले; उत्तर आले की आपण सभासद नसून भाडेकरू आहात, सबब आपला अर्ज विचारात घेता येत नाही. गॅलरी खासगी आहे. तेथून निघालेला धूर कोणाच्या हद्दीत येतो, हे चार कार्यालयांपैकी एकालाही सांगता आले नाही. धूर मात्र न चुकता सकाळी सहाला आणि संध्याकाळी जेवणाआधी आमच्या खोलीत येत होता. मालती वाफेचे यंत्र तोंडाला लावून बसे आणि मी शेजारी बसून पुढचे पत्र लिही.

एकदा तिने यंत्राचा मास्क बाजूला करून विचारले, "किती झाली?"

"नऊ."

"आणि खाली जायला पायऱ्या किती?"

मी म्हणालो, अठरा असतील. उतरलो मात्र नाही. ज्याच्याविरुद्ध अर्ज प्रलंबित आहे त्याच्याशी बोलू नये, असा माझा शिरस्ता.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी बागुलांची सूचना आली. एका पानाची. कलम चौदाचा भंग. पुढे तपशील: भाडेकरूने लेखी तक्रारी नऊ केल्या; शिवाय, अध्यक्षांच्या म्हणण्यानुसार, 'भाडेकरूच्या पत्नी गॅलरीत नाकाला पदर लावून उभ्या राहतात, हीदेखील हावभावाने केलेली तक्रार होय.'

मी ते वाक्य तीन वेळा वाचले. मग करार काढला आणि प्रथमच संपूर्ण वाचला. ज्याला दोषी धरायचे त्याच्याकडे बोट करावे, तर बोट वळून परत येत होते. मालतीने विचारले, काय लिहिलंय. मी म्हणालो, "मीच लिहिलंय." तिला आधी वाटले, मी उत्तराचे म्हणतो आहे; मग मी करारच तिच्यापुढे धरला आणि मसुदा माझा असल्याचे सांगितले.

त्या दुपारी मी अठरा पायऱ्या उतरलो. वस्तुतः सतरा आहेत.

नामदेवराव सत्तरीचे. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आयुष्य गेलेले, आता मुलगा-सुनेकडे, तेही भाड्याने. मला पाहून ते उठून उभे राहिले. मी बोलायला सुरुवात केली ती अर्थातच कायद्यापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊसाहेब, मला काय हौस हाय का गॅलरीत उभं राहायची? गुडघा लय दुखतो. आत बसूनच वढली असती. पर करारात लिवलंय ना."

त्यांनी देव्हाऱ्यामागून प्लास्टिकच्या पिशवीतला करार काढला. त्यांचा मालक वेगळा, एजंट वेगळा. अकरावे कलम तेच. चार भिंतींच्या आत नाही; बाहेर, मोकळ्या हवेत.

"पोरानं वाचून दाखवलं. म्हणला, बाबा, आत वढली तर घर जाईल. म्हणून मी नेमानं बाहेर येतो. थंडीत, पावसात. कलम नाय मोडलं कधी."

माझ्या आयुष्यात माझे कलम इतके प्रामाणिकपणे पाळणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मालती जिन्याच्या कठड्याला धरून खाली आली. तिला बोलण्याआधी थोडे थांबावे लागले. नामदेवरावांनी ते पाहिले. तिची मान कशी पुढे येते, गळ्याजवळचा खळगा कसा आत जातो. त्यांच्या हातातली पिशवी खाली गेली.

"वहिनी, हे माझ्यामुळं?"

"दादा, तुम्ही आत बसून ओढा. गॅलरीचं दार लावून घ्या."

"आन करार?"

मालतीने माझ्याकडे मान वळवली. "करार लिहिणारा इथेच उभा आहे. विचारा त्यांना."

विचारले असते तर मी काय सांगितले असते, मला अजून ठाऊक नाही. नोंदवलेला करार मोडा, असे मी कोणाला कधी सांगितलेले नाही. पण त्या गृहस्थाने विचारलेच नाही. "मोडायचा नाय," ते म्हणाले. "पोराचं घर हाय. मी दुसरं कायतरी करतो."

चार दिवस ते गुडघा ओढत फाटकापर्यंत गेले. पाचव्या दिवशी अध्यक्षांनी फाटकाजवळ फलक लावला: 'येथे धूम्रपान करू नये.' माझ्याच एका पत्राचा दाखला देऊन. तेव्हापासून त्यांनी तोडगा काढला आहे. पेटवण्याआधी ते गॅलरीतून मान वर करून हाक देतात, "वहिनी, खिडकी लावा वं!" मालती खिडकी लावते. विझवली की पुन्हा हाक, "उघडा आता!" धूर थोडा येतोच; पण ती तयार असते, आणि वाफेचे यंत्र निम्म्याने कमी लागते. विड्याही त्यांनी चारावरून दोनावर आणल्या आहेत. नऊ पत्रांनी जे झाले नाही ते सतरा पायऱ्यांनी निम्मे झाले, हे मी कोणत्याही फाइलला न लावता येथे कबूल करतो.

मात्र सूचना उभीच होती. मी बागुलांना फोन केला. ते वाईट गृहस्थ नाहीत.

"काका, अध्यक्ष माझ्यामागं लागलेत. तुम्ही एक करा. लिहून द्या की धूर येत नव्हता, काकूंच्या तब्येतीमुळं गैरसमज झाला. मी नोटीस लगेच मागं घेतो."

"आणि ते चौदावे कलम?"

"ते कसं काढणार? सरकारी मसुदा आहे ना तो."

"सरकारी नाही. ते मी लिहिले आहे."

बागूल हसले. "काका, असं कसं? सगळ्या नाशकात तेच आहे."

मी एजंटला विचारले. त्यानेही सांगितले, सॉफ्टवेअरमध्येच येते. किरणला सांगितले, तो म्हणाला, काका, टेन्शनमुळं होतं असं. ज्याचा कर्ता मी आहे असे जन्मभर मिरवले, त्याचा कर्ता मी आहे हे आता कोणी मानायला तयार नाही. पुरावा म्हणून दाखवावी ती पहिली प्रत एका द्राक्षव्यापाऱ्याकडे होती, आणि दुसरी शेवाळे बाईंकडे.

कागद मात्र मी बसून लिहिला. 'धूर येत नव्हता.' एक ओळ. घर राहील, पितृपक्षात घरे शोधत फिरावे लागणार नाही. या पंधरवड्यात कोणी घर दाखवायलाही तयार नसते. मी तो मालतीपुढे ठेवला. तिने ओळीखाली बोट धरून वाचला आणि मला एकदम दुसऱ्याच बोटाची आठवण झाली.

"म्हणजे मी खोकत होते ते उगीच?" ती म्हणाली. "यात माझ्या बाजूनं काही लिहिलेलं नाही."

तो कागद मी फाडला. कोजागिरीला आमची मुदत संपते.

आता वर रिकामी ठेवलेली जागा भरतो. अनंत चतुर्दशी, जबाबदार: प्रस्तुत लेखक. ही नोंद मी कोणाच्या दबावाखाली न येता, शुद्धीत करत आहे. शेवाळे बाई हे वाचत असतील तर त्यांची माफी मागतो. त्यांना जी एक ओळ हवी होती ती मी तेव्हा लिहू शकत होतो. दोन मिनिटांचे काम होते.

परंतु मी एकटा ते कलम चालवू शकत नाही. आज या शहरात जे जे मालक, एजंट आणि सोसायट्यांचे अध्यक्ष ते करारात घालतात, त्या प्रत्येकाला मी येथे जाहीरपणे विचारतो: मला श्वास घेता येत नाही, असे सांगण्याची एखाद्या माणसाला मनाई करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? 'मसुद्यातच आहे' हे उत्तर चालणार नाही. मसुदा लिहिणारा ते मागे घेत आहे. तुम्ही ठेवत असाल, तर का, हे आपल्या नावानिशी याच अंकाच्या संपादकांकडे छापण्यासाठी पाठवा. खासगी पत्र पाठवू नये. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आम्ही दोघे कोठे राहत असू, हे आज मला माहीत नाही. पत्रावर घालायला माझ्यापाशी पत्ता नाही.